टाइमटेबलात एक तास द्या : कोल्हापूरच्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य आणि संस्थाचालक,

सा. न. वि. वि.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. बावीस वर्षं झाली. हे पत्र कुणा एका महाविद्यालयासाठी नाही. शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन बसलात तर एकाच इमारतीत शिकवणारे आम्ही एकमेकांच्या वर्गात काय चाललंय ते विचारत नाही, हेच थोड्याफार फरकानं दिसेल, म्हणून सगळ्यांना एकदम लिहिते आहे. मागणी एवढीच : वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसायला टाइमटेबलात एक तास द्या.

एका तोंडी परीक्षेपासून सुरुवात करते. 2021 च्या पुरानंतरचं वर्ष होतं. पर्यावरण अभ्यासाचे प्रकल्प तपासायचं काम माझ्याकडं होतं. बी.एस्सी.ची एक मुलगी समोर येऊन बसली. प्रकल्पाचं नाव 'पूर : कारणे व उपाय'. अक्षर सुरेख, समास आखलेले, आत ब्रह्मपुत्रेचा नकाशा. दोन पानं उलटली आणि कळलं की हा झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार प्रकल्प हातानं उतरवून काढलेला आहे. मुलगी शिरोळ तालुक्यातली. मी विचारलं, "तुमच्याकडं पाणी आलं होतं का गं?"

"आलं होतं की मॅडम. दोन्ही वेळंला. एकोणीसला आणि एकवीसला."

"किती?"

ती खुर्चीवरून उठली आणि हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. "इथपर्यंत. पप्पांनी कोळशानं खूण केलीया भिंतीवर. दोन खुणा हायेत."

"मग हे प्रकल्पात का नाही लिहिलंस?"

"ते प्रकल्पात चालतंय व्हय मॅडम?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच वर्षी ती संख्याशास्त्रात सरासरी आणि प्रमाण विचलन शिकत होती, कुठल्या तरी काल्पनिक गावाच्या पावसाचे आकडे घेऊन. द्रवाचा दाब आणि पातळी ती भौतिकशास्त्रात शिकली होती. भाषेच्या तासाला वृत्तलेखन होतं. आणि माझ्या तासाला पूर होता, ब्रह्मपुत्रेचा. हे सगळं एकाच इमारतीत, एकाच मुलीला, एकाच आठवड्यात शिकवलं जात होतं. शिकवणारे आम्ही चौघं रोज एकाच स्टाफरूममध्ये डबा खात होतो, पण वर्गात काय चाललंय ते एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

आता तर विषय आणखी वाढलेत. 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात पदवीचा नवा आराखडा आला आणि 2024-25 पासून तो संलग्न महाविद्यालयांतही लागू झाला. मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, भाषा, कौशल्य, समाजसहभाग, सगळ्याला क्रेडिट. ओपन इलेक्टिव्ह तर स्वतःच्या शाखेबाहेरचाच घ्यायचा, असा नियम आहे. कल्पना चांगली आहे आणि नवीही नाही. विद्यापीठातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण मिळालं पाहिजे, विज्ञानाच्या मुलाला समाज कळावा आणि कलेच्या मुलाला विज्ञान, हे राधाकृष्णन आयोगानं 1948-49 मध्येच सांगितलं होतं. कागदावर ती गोष्ट आता आली.

पण हे विषय शिकवतं कोण? जूनमध्ये टाइमटेबल बसवताना ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या गळ्यात मूल्यशिक्षण पडतं. उरलेले तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, काम करणाऱ्या तरुण शिक्षकांकडं जातात. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, अशी त्यांची धावपळ असते. वाणिज्यच्या मुलाला शेजारच्या विभागातला ओपन इलेक्टिव्ह मिळतो, पण तो शिकवणाऱ्याला हा मुलगा बाकीच्या तासांना काय शिकतो हे ठाऊक नसतं. मुलाच्या हातात सहा-सात सुटी गाठोडी येतात. ती एकत्र बांधायची जबाबदारी आपण अठरा वर्षांच्या पोरावर टाकतो, जी आपल्याला पन्नाशीतही जमलेली नाही.

त्या तोंडी परीक्षेनंतर आम्ही काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आलेली आहे.

संध्याकाळी ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली. संख्याशास्त्राचे एक सीएचबीवरचे सर होते, मराठीच्या मॅडम होत्या. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं कॅन्टीनमध्ये बसलो. दोन शनिवारांनंतर भौतिकशास्त्राचे सर आपणहून आले. ठरवून काही झालं नव्हतं. प्रश्न एकच होता : मुलांच्या घरच्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत, त्यांचं आपण चौघं मिळून काय करू शकतो?

आधी मुलांना सांगितलं की आपापल्या गल्लीतल्या खुणा जमिनीपासून मोजून आणा. आकडे आले आणि सगळा गोंधळ. शेजारशेजारच्या घरांत एकाची खूण पाच फुटांवर, दुसऱ्याची साडेतीन फुटांवर. संख्याशास्त्राचे सर सरासरी काढायला तयार होईनात. म्हणाले, "मॅडम, हे आकडे एका गोष्टीचे नाहीतच, सरासरी कशाची काढू?" भौतिकशास्त्राच्या सरांनी विचारलं, "जमीन सगळीकडं एका उंचीवर आहे का?" तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, माझे वडील गवंडी आहेत, ते नळीनं लेवल काढतात.

तुम्ही बांधकामावर बघितलं असेल. पारदर्शक नळी, तीत पाणी भरलेलं, दोन टोकं दोघांनी धरायची. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला उभं राहतं. मध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर लेवल चुकते, म्हणून नळी आधी झटकून घ्यायची. हे त्या मुलानं आम्हा चौघांना दाखवलं. दोन रविवार मुलं एका गल्लीत घराघरातून नळी धरत फिरली. पहिल्या घराच्या खुणेपासून लेवल पुढं नेत नेत शेवटच्या घरापर्यंत. आणि सगळ्या खुणा चार बोटांच्या फरकानं एका रेषेत आल्या. पाण्याचा माथा गल्लीभर एकच होता. उंच-सखल होती ती घरांची जोती.

वर्गात हे फळ्यावर आल्यावर जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. मग एका मुलीनं विचारलं, "ज्यांची जोती खाली हायेत, त्यांची घरं गावाच्या त्याच बाजूला का हायेत?" त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणी उत्तर देऊ शकलं नाही. समाजशास्त्राचं माणूस आमच्यात नव्हतं, आणि ते असायला हवं होतं हे आम्हाला एका विद्यार्थिनीमुळं कळलं.

मराठीच्या मॅडमनी वेगळंच काम दिलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पुराचे शब्द लिहून आणायचे. लोंढा, ओसर, पाणी थटलं, फुगवटा. मी वर्षानुवर्षं वर्गात 'बॅकवॉटर' म्हणत होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी घेऊन पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही, पाणी मागं सरकतं आणि सपाट शिवारात पसरून दिवसच्या दिवस थांबतं. माझ्या पुस्तकात हे दोन परिच्छेदांत होतं. एका मुलाच्या आजीनं ते एका शब्दात सांगितलं होतं : फुगवटा.

आणि मी स्वतः काय शिकले तेही लिहिते. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग मी वर्गात सर्रास वापरायचे. मुलांनी त्याचा अर्थ असा घेतला होता की एकदा येऊन गेला की आता शंभर वर्षं निवांत. 2019 मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये पुन्हा गेलं. तिथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे कोल्हापुरात लहान मुलालाही पाठ असतं. मग मुलं म्हणायला लागली की भूगोलाचं पुस्तक खोटं. संख्याशास्त्राच्या सरांनी एका तासात ते सोडवलं. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की तसा पूर कुठल्याही एका वर्षी यायची शक्यता शंभरात एक. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. 30 वर्षांचं कर्ज काढून नदीकाठी घर बांधलं तर त्या काळात असा पूर निदान एकदा यायची शक्यता साधारण 26 टक्के, म्हणजे चारांत एक. तेही पाऊस, धरणं आणि नदीकाठची बांधकामं होती तशीच राहिली तर. वीस वर्षं मी जे सैलपणानं सांगत होते ते माझ्यासमोर, माझ्याच विद्यार्थ्यांच्या देखत नीट झालं. मला त्याची लाज वाटली नाही, आनंद वाटला. असा आनंद मला कुठल्याही रिफ्रेशर कोर्समध्ये मिळालेला नाही, आणि मी बरेच केलेत.

शाखा एकत्र आणल्या की विषय पातळ होतो, असं माझे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. दुसऱ्या विषयाचा माणूस शेजारी बसला की ढिसाळ वाक्य खपत नाही.

आम्ही जे करत होतो त्याला जगात नाव आहे, हे मला नंतर कळलं. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला होता. तिथला उमेदवार आधी बटणं लावतो, दुमड घालतो, म्हणजे कपड्याचं शेवटचं काम शिकतो. मग शिवण, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. कुणी व्याख्यान देत नाही, जुन्यांच्या बरोबरीनं काम करता करता तो शिंपी होतो. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि एकाच कामात गुंतून एकमेकांकडून शिकणाऱ्या अशा गटाला नाव दिलं. इंग्रजीत ते 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस'. वेंगर म्हणतात की त्यात तीन गोष्टी लागतात : सगळ्यांना खुपणारा एक विषय, एकमेकांना धरून राहणारी माणसं, आणि हळूहळू घडत जाणारी कामाची रीत. अमेरिकेत ओहायोमधल्या मायामी विद्यापीठात 1979 पासून प्राध्यापकांचे असे गट चालतात. वेगवेगळ्या विभागांतले साधारण आठ ते बारा जण वर्षभर नेमानं भेटतात.

मी मात्र त्याला तालीम म्हणते. कोल्हापूरच्या माणसाला आणखी समजावून सांगायची गरज नाही. पेठेतल्या तालमीत नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला कुणी डाव शिकवत नाही. तो हौद्यातली माती उकरतो, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू पडताना बघतो, जोर मारतो, मोठ्यांच्या लढती बघतो. वस्ताद फार बोलत नाही, चुकलं तिथं हात धरतो. तालमीला निमंत्रणपत्रिका नसते, आणि नागा केला तर विचारणारं कुणीतरी असतं. प्राध्यापकांना असं ठिकाण नाही. आम्हाला समित्या आहेत.

आमची तालीमही समितीनंच संपवली. पुढच्या वर्षी आमच्या कामाचं कौतुक झालं आणि सूचना आली की याची रीतसर समिती करा. अध्यक्ष मी. मग विषयपत्रिका आली, इतिवृत्त आलं, प्रत्येक बैठकीचा जिओटॅग फोटो आला, तिमाही अहवाल आला. शनिवारचा तास अहवाल लिहिण्यात जाऊ लागला. संख्याशास्त्राच्या सरांची सीएचबीची ऑर्डर सत्र सुरू होऊन महिने उलटले तरी आली नाही. त्यांना घर चालवायचं होतं, ते दुसऱ्या गावी गेले. मराठीच्या मॅडमकडं मूल्यांकनाच्या फायली आल्या. दिवाळीनंतर आम्ही भेटलो नाही. मी अध्यक्ष होते, मी थांबवू शकले असते, थांबवलं नाही. फाइल आजही कपाटात आहे, व्यवस्थित लावलेली.

म्हणून आता तुम्हाला मागते. फार मोठं नाही.

शनिवारी दुपारचा एक तास टाइमटेबलात मोकळा ठेवा, महिन्यातून दोनदा, आणि शहरातल्या सगळ्या महाविद्यालयांनी तो एकच ठेवावा. आपली महाविद्यालयं एकमेकांपासून किती लांब आहेत? ताराबाई पार्कातून राजारामपुरीत दुचाकीनं जायला कितीसा वेळ लागतो? एका महाविद्यालयात समाजशास्त्राचं माणूस नसेल तर दुसऱ्यातलं येईल. गटात आठ-दहा जण असावेत, निदान चार वेगळ्या विषयांचे, आणि आपणहून आलेले. सक्तीनं बसवलेला माणूस घड्याळ बघत बसतो आणि दुसऱ्यांनाही बसू देत नाही. वर्षभर माणसं तीच राहू द्या.

सीएचबीवरच्या शिक्षकांना या तासाचं मानधन द्या. या एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. नव्या आराखड्यातले निम्मेअधिक जोडविषय ज्यांच्या खांद्यावर आहेत त्यांनाच फुकट बोलवायचं, किंवा बोलवायचंच नाही, असं असेल तर हे सुरूच करू नका. आमच्या चौघांत सगळ्यात जास्त शिकवलं ते तासाच्या हिशेबावर राबणाऱ्या माणसानं.

अहवाल मागू नका. मला कळतं, तुम्हालाही वर उत्तर द्यावं लागतं. मग वर्षाच्या शेवटी एकच गोष्ट मागा : मुलांनी केलेलं असं एक काम दाखवा, ज्याला दोन किंवा तीन विषयांत अंतर्गत गुण मिळाले. अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्या हातात असतं. त्या मुलीला नळीनं काढलेल्या पातळ्यांबद्दल पर्यावरणात गुण मिळाले, पण संख्याशास्त्रात तिला पुन्हा काल्पनिक गावाचा पाऊस सोडवावा लागला, कारण तिथल्या फाइलचा नमुना ठरलेला होता. एक काम तीन ठिकाणी मोजलं तर मुलांचा भार कमी होईल आणि आम्हा शिक्षकांना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतरच राहणार नाही.

हे चर्चेचं गुऱ्हाळ होईल, असं कुणीतरी म्हणणारच. आपल्या भागात गुऱ्हाळातून गूळ निघतो. उसाचा रस काहिलीत पडल्यापासून गुळव्या जागचा हलत नाही आणि काहील वेळेवर उतरवतो. आम्हालाही तेवढाच वेळ आणि तेवढीच मोकळीक हवी.

विषय कुठून आणायचे, असाही प्रश्न येईल. कोल्हापुरात? अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत मुखापर्यंत. वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? 10 नोव्हेंबर ते 21-22 डिसेंबर मोजा, साधारण 41-42 दिवस. तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत मोजा, तेवढेच. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परत येताना क्षितिजावरच्या एकाच जागी मावळतो. भूगोलाचा अख्खा धडा दोन ओळींत. पण पुढं या : किरणांच्या वाटेत इमारती येतात तेव्हा अडथळा कुणाचा आणि हक्क कुणाचा, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. ज्यांनी मंदिर बांधलं त्यांनी दिशा कशी साधली, हा इतिहासाचा आणि गणिताचा. ढग किंवा धूर असला की किरणं फिकी का पडतात, हा भौतिकशास्त्राचा. त्या वेळी मंदिरात उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी का येतं, तो कुठल्या विभागाचा प्रश्न आहे मला माहीत नाही, पण तो वर्गात यायला हवा. आपल्याच शहरातल्या महाविद्यालयांतले काही शिक्षक दरवर्षी तिथं मोजमाप करायला जातात. ते मोजमाप किती वर्गांपर्यंत पोचतं? भारतीय ज्ञानप्रणालीच्या तासाला आपण मुलांना पुस्तकातली प्राचीन वेधशाळा शिकवतो, आणि मंदिर इथंच, आपल्या शहरात असतं.

चप्पल आहे, 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. गूळ आहे. साखर कारखाने आहेत. विषयांना तोटा नाही.

नवीन टाइमटेबल जूनमध्ये बसतं. त्याआधी, मे महिन्यात, एकदा बसून एवढं ठरवा : शनिवारचा कुठला तास, पहिली बैठक कुणाकडं, आणि सीएचबीच्या मानधनाची तरतूद कुठून. बाकीचं आम्ही शिक्षक बघून घेऊ. मी येईन, आणि माझ्या ओळखीतले निदान सहाजण येतील, हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. पहिला विषय पुराचा घ्यावा असं माझं मत आहे, कारण त्या खालच्या जोत्यांचा प्रश्न अजून तसाच पडून आहे आणि समाजशास्त्राचं माणूस आम्हाला अजून हवं आहे.

गवंड्याची ती नळी माझ्या कपाटात आहे. त्या मुलाच्या वडिलांनी परत घेतली नाही. पहिल्या शनिवारी मी ती घेऊन येईन.

आपली नम्र,
भूगोलाची एक प्राध्यापिका
कोल्हापूर